मुळं न विचारणारे सर

आमच्या सरांनी आयुष्यात कोणाला सरळ प्रश्न विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि हा माणूस अकरावी-बारावीला गणित शिकवायचा! प्रश्न विचारणं हाच ज्याचा पोटापाण्याचा उद्योग, त्याची ही तऱ्हा. वर्गात म्हणायचे, "एक्सची किंमत किती, असं मी विचारत नाही. ती काहीतरी आहे. ज्याला सांगावीशी वाटेल त्याने सांगावी." मग आमच्यातलं कोणीतरी सांगून टाकायचं, सरांची दया येऊन.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी. नंतर एमएस्सी करून डोंबिवलीच्या त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि स्टाफरूममध्ये मला जागा मिळाली ती नेमकी त्यांच्या शेजारी. पहिल्या दिवशी मी ऐटीत म्हटलं, "सर, आता आपण कलीग हं." ते म्हणाले, "आनंद आहे. डस्टर तुझ्या पलीकडे आहे." म्हणजे डस्टर दे, असं. हेसुद्धा मागायचं नाही, नुसती माहिती द्यायची.

भाजीवाल्याकडे ते भाव विचारायचे नाहीत. दुसरं गिऱ्हाईक येऊन विचारेपर्यंत कोथिंबिरीकडे बघत उभे राहायचे. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला "येणार का?" म्हणायचे नाहीत, पुढचं चाक कोणत्या दिशेला वळलंय ते बघून बसायचे. एकदा असेच बसले आणि रिक्षा थेट एमआयडीसीत गेली. परत आल्यावर म्हणतात, "अंदाज बरोबर होता, चाक चुकीचं होतं." आता या माणसाला काय बोलणार!

पण कहर झाला तो ठाण्याला. आमच्या लॅबमधल्या मामांच्या मुलीचं लग्न होतं. एकाच रस्त्यावर दोन हॉल. आम्ही सगळे वेळेवर पोचलो, मामा दारात उभे, आणि सरांचा पत्ता नाही. अक्षता पडल्या, पंगत बसायला आली, तरी नाहीत. शेवटी केमिस्ट्रीच्या मॅडमनी फोन लावला. या मॅडम म्हणजे सरांच्या अगदी उलट. मनात आलं की तोंडाबाहेर. फोन त्यांनी स्पीकरवर टाकला.

"सर, कुठे आहात?"

"मांडवात."

"कोणाच्या?"

"ते विचारलेलं नाही," सर म्हणाले. "पण आपल्या मामांसारख्या चपला दाराशी दिसल्या. मठ्ठा उत्तम आहे."

आम्ही हसून हसून लोळायचे बाकी होतो. मॅडम मात्र पदर खोचून निघाल्या, पलीकडच्या हॉलमध्ये शिरल्या आणि भर पंगतीतून सरांना उठवून घेऊन आल्या. सर त्यांच्या मागून निमूट चालत आले. परक्या नवरानवरीला आशीर्वाद देऊन झालेला होता, आहेराचं पाकीटही देऊन झालेलं होतं. मामांकडे ते दुसऱ्यांदा जेवले.

हे वेड आलं कुठून, तर गणितातून. दहावीत सगळ्यांनी घोकलेलं असतं, बी वर्ग उणे चार एसी. त्याला म्हणतात विवेचक. वर्गसमीकरणाची दोन उत्तरं असतात, त्यांना मुळं म्हणायचं. विवेचक शून्य आला तर दोन्ही मुळं एकच, नाहीतर दोन वेगळी. सरांना या सूत्राचा भारी राग. "हे दुकानातलं तयार श्रीखंड आहे," ते म्हणायचे. "चक्का कोणी बांधला, किती वेळ टांगला, काही पत्ता नाही. नुसतं चाटायचं." मग स्वतःचा चक्का बांधायला घ्यायचे. समीकरण घ्यायचं, त्याचा डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, दोघांतले आकडे ओळींत मांडायचे. डेरिव्हेटिव्हची ओळ दोनदा लिहायची, दुसऱ्यांदा एक घर सरकवून. असा चौकोन भरला की ती झाली मॅट्रिक्स, आणि तिचा निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, काढला की विवेचक आपोआप बाहेर. फार तर एखादं उणे चिन्ह आणि एखादा ए अंगाला लागून येतो, ते पुसून घ्यायचं.

"आणि गंमत बघ," ते मला म्हणायचे. तेव्हा त्यांचा चेहरा इतका खुलायचा की मला आजही तो दिसतो. "मुळं काढलेलीच नाहीत आपण. ती कोण, कुठली, काही विचारलं नाही. तरी ती एक आहेत की वेगळी, हे कळलं. कोणाला त्रास न देता कळलं!"

एकदा मधल्या सुट्टीत मला म्हणाले, मनात दोन संख्या धर, मला सांगू नकोस. मी तीन आणि सात धरले. बेरीज सांगितली दहा, वर्गांची बेरीज अठ्ठावन्न. त्यांनी टेबलावर खडूने चार घरं काढली. पहिल्या घरात दोन, कारण संख्या दोन. मधल्या दोन घरांत दहा-दहा. शेवटच्यात अठ्ठावन्न. तिरपा गुणाकार केला, एकशे सोळातून शंभर गेले, राहिले सोळा, त्याचं वर्गमूळ चार. "तुझ्या दोन संख्यांमध्ये चारचं अंतर आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "अहो सर, बेरीज दहा आणि अंतर चार, मग संख्याही कळल्याच की!"

"कळतील. पण कशाला?" सर चक्क दुखावले. "ती त्यांची खासगी बाब आहे."

हिवाळ्यात स्पोर्ट्स झाले की मैदानावर फक्कीच्या रेघा उरलेल्या असायच्या. त्या पुसायच्या आत सर त्यांचा मैदानी निश्चयक घ्यायचे. पांढऱ्या फक्कीने पाच बाय पाच घरं आखायची. प्रत्येक घरात एक पोरगं, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर आकडा. शून्यांनी मांडी घालून बसायचं, बाकीच्यांनी उभं राहायचं. "तिसऱ्या ओळीतून पहिलीची तिप्पट वजा!" असं सर ओरडले की धांदल उडायची. कालपर्यंत तीन असलेला मुलगा शून्य होऊन खाली बसायचा आणि मघाचं शून्य उणे अठरा होऊन उठायचं. पोरं बेहद्द खूश. कोणीतरी दरवर्षी विचारायचंच, "सर, हे परीक्षेला येतं का?"

"येत नाही," सर म्हणायचे. "म्हणून तर मजेत करता येतं."

हे सगळं चालू असताना सर स्वतः कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभे. बघायचं नाही. एका वर्षी उत्तर यायला हवं होतं उणे चारशे, पोरांनी आणलं अधिक चारशे. पोरांचे चेहरे पडले. सर भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "आकडेमोड अचूक आहे. फक्त मधल्या वेळेत कोणत्यातरी दोन ओळींनी आपापसात जागा बदलली. दोन ओळी बदलल्या की चिन्ह उलटतं."

खरंच बदललेली जागा. पोरं आ वासून बघायला लागली. कोणत्या दोन ओळी, ते मात्र सरांना सांगता येईना, आणि विचारायचं तर नाही. ते तसेच भिंतीकडे बघत उभे. तेवढ्यात केमिस्ट्रीच्या मॅडम लॅबच्या पायऱ्यांवरून ओरडल्या, "ए, कोणी जागा बदलली रे?" चौथ्या आणि पाचव्या ओळीतले दहाही हात वर झाले. चौथीवर ऊन येत होतं म्हणून पाचवीतल्यांनी माणुसकी दाखवलेली.

सर वळले आणि मॅडमकडे बघून हसले. ते हसणं मी पाहिलं. त्या दिवशी मला जे कळलं ते सगळ्या स्टाफला आधीच कळलेलं होतं, असं नंतर कळलं.

दोघंही बिनलग्नाची. सरांकडे आजारी आई. मॅडम मूळच्या आंबिवलीच्या, वडील लवकर गेले, पाठच्या भावांना शिकवण्यात यांची वर्षं गेली. दुपारी डबा दोघं एकत्र खायची. म्हणजे आम्ही सगळेच एका टेबलाशी असायचो, पण मॅडम आपल्या डब्याचं झाकण दाबून धरायच्या आणि सरांकडे बघायच्या. काय आणलंय, हे सर अर्थातच विचारायचे नाहीत. नाक वर करून म्हणायचे, "वाल. ओलं खोबरं घातलेले." मग झाकण उघडायचं. बरोबर असलं की पहिली वाटी सरांना. चुकलं तरी पहिली वाटी सरांनाच.

आईंचं दुखणं वाढलं तेव्हा मी आणि मॅडम त्यांना बघायला गेलो. आईंनी मला नाव विचारलं. मॅडमना आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग परत आडनाव विचारलं. आमच्याकडे हे कसं विचारतात आणि का विचारतात, ते वेगळं सांगायला नको. मॅडमनी दोन्ही वेळा स्वच्छ सांगितलं, बौद्ध आहे हेही सांगितलं. कामाच्या बाईंनी चहा आणला. मला आणि सरांना कपबशी, मॅडमना खिडकीतला स्टीलचा पेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सर उठले. मॅडमसमोरचा पेला उचलून घेतला, तिथे आपली कपबशी ठेवली आणि आईंच्या समोर बसून त्या पेल्यातून सावकाश चहा प्यायले. आई भिंतीकडे वळल्या.

परतताना मॅडम माझ्या पुढे झपझप चालत होत्या. मग म्हणाल्या, "तुझे सर बोलत नाहीत गं. कप बदलतात." डोळे भरलेले होते, पण हसत होत्या.

आई गेल्या. दिवसपाणी झालं. आता सर विचारतील, उद्या विचारतील, निदान संक्रांतीला तरी विचारतील, असं म्हणत आम्ही स्टाफमधल्या बायका दिवस ढकलत राहिलो. तेवढ्यात मॅडमची रिटायरमेंट आली. त्यांनी कोपरला फ्लॅट घेतलेला. शेवटच्या आठवड्यात डबा खाताना, कोणाकडेच न बघता त्या म्हणाल्या, "दोन खोल्या आहेत. एकटीला जास्तच होतात."

टेबलावर कोणी घास उचलेना. आम्ही सगळ्या सरांकडे. सरांनी आमटीत पोळी बुडवली, पुरेशी भिजू दिली आणि म्हणाले, "कोपरला हवा चांगली असते. खाडी जवळ आहे ना."

कपाळ माझं! मॅडमनी झाकण लावलं आणि डबा धुवायला उठून गेल्या.

त्या संध्याकाळी मी सरांना सोडलंच नाही. स्टेशनजवळ उसाच्या रसाचं दुकान आहे, तिथे बसवलं. म्हटलं, "सर, मी लहान तोंडी मोठा घास घेते. तुम्हाला त्या हव्यात ना?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. ग्लासाचं पाणी पत्र्याच्या टेबलावर सांडलेलं होतं, त्यात बोट बुडवून चार घरं काढली.

"मी मांडून पाहिलं आहे," म्हणाले. "माझ्यासाठी डबा आणतात, अधिक एक. पण तो सगळ्यांसमोर उघडतात, म्हणजे त्यात विशेष काही नाही, उणे एक. आईच्या वेळी रागावल्या नाहीत, अधिक एक. रागावल्या नाहीत म्हणजे माझ्याकडून अपेक्षाच नव्हती, उणे एक."

वर अधिक एक, उणे एक. खाली अधिक एक, उणे एक. मी तिरपा गुणाकार केला, आणि खुर्चीतून उडालेच. "सर, शून्य! शून्य येतंय! शून्य म्हणजे दोन्ही मुळं एकच! आयुष्यभर तुम्हीच शिकवलंत!"

सर त्या ओल्या चौकोनाकडे बघत राहिले. पत्रा तापलेला होता, रेघा कडेने वाळत चाललेल्या. मग त्यांनी रुमाल काढून टेबल पुसलं.

"मांडणी चुकली असणार," म्हणाले.

"मग विचारा ना त्यांना! एकदा तोंड उघडून विचारा!"

"अगं, विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागेल," ते अगदी हळू म्हणाले. "नाही म्हणायचं असेल, तर किती जड जाईल त्यांना. आईच्या घरी एकदा झालं तेवढं पुरे झालं. माझ्यामुळे परत कशाला?"

मला इतका राग आला, आणि त्या रागाखाली इतकं वाईट वाटलं की रस तसाच राहिला. एवढा हुशार माणूस, एवढा जपणारा, आणि जपता जपता स्वतःलाच शून्यासारखा मांडी घालून बसवून घेतलेला. कोणी ऊठ म्हणेपर्यंत उठणार नाही.

मॅडम रिटायर झाल्या, वर्षाने सरही झाले. स्टाफरूममधली ती खुर्ची एका नवीन मुलाला मिळाली. तो हसतमुख आहे, हुशार आहे, सगळं सरळ विचारतो, आणि मला त्याचा उगाच राग येतो. मैदानावर फक्कीच्या रेघा पडतात आणि दुसऱ्या दिवशी शिपाई त्या पुसून टाकतो. मी एकदा मैदानी निश्चयक घ्यायला गेले, पोरांनी मोबाइलवर उत्तर काढून मला दाखवलं. बरोबर होतं. मी घरी येऊन नवऱ्यावर ओरडले. दुपारी डब्याची झाकणं उघडतात, सगळे वास एकमेकांत मिसळतात, आणि वास घेऊन पदार्थ ओळखणारं टेबलाशी कोणी नसतं. मला सर हवे असतात. साधं डस्टर पलीकडे आहे म्हणायला हवे असतात.

रिटायर झाल्यावर ते रोज संध्याकाळी कोपरपर्यंत चालत जायचे, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. स्टेशनपर्यंत जायचे, तिथल्या बाकावर थोडा वेळ बसायचे आणि परत यायचे. कशाला जाता, असं शेजाऱ्यांनी विचारल्यावर म्हणाले होते, हवा चांगली असते.

गेल्या वर्षी ते गेले. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलं नाही. दुखणं नाही, खुपणं नाही, कोणाला काही विचारायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. कॉलेजने हॉलमध्ये शोकसभा ठेवली. जुने विद्यार्थी ठाण्याहून, कल्याणहून आले. लग्नाच्या मांडवाचा किस्सा कोणीतरी सांगितला, लोक हसले आणि मग रडले.

मॅडम शेवटच्या रांगेत बसलेल्या. बारीक झालेल्या दिसल्या. मी शेजारी जाऊन बसले तर माझा हात घट्ट धरला.

"तुझ्याशी बोलायचे ना ते. माझ्याबद्दल काही बोललेले?"

मी सांगितलं. रसाचं दुकान, ओलं टेबल, चार घरं, सगळं सांगितलं. लपवून आता कोणाचं भलं होणार होतं?

"म्हणजे शून्य आलेलं?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"मग?"

"मांडणी चुकली असणार म्हणाले. आणि तुम्हाला नाही म्हणणं जड जाईल म्हणून विचारलं नाही."

मॅडम हसल्यासारखं करायला गेल्या, ते जमलं नाही. "येडाच होता माणूस. आईंचं मी तिथेच सोडून आलेले गं, पेल्यासकट." मग बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. "आणि मी तरी काय? अख्ख्या कॉलेजला विचारत सुटायचे. प्रिन्सिपलना विचारायचे, मुलांच्या बापांना विचारायचे. यांनाच तेवढं विचारलं नाही. मला वाटायचं, नाही म्हणाले तर दुपारचा डबा पण जाईल. तेवढा तरी राहू दे."

भाषणं संपली. लोक रांगेने फोटोला फुलं वाहायला लागले. मॅडम उठल्या, रांगेत उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा हातात फूल नव्हतं. त्यांनी हातही जोडले नाहीत. फोटोसमोर सरळ उभ्या राहिल्या आणि मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या,

"सर, कोपरला राहायला येता का?"

प्रिन्सिपल कोणाशी तरी बोलत होते, ते अर्ध्या वाक्यात गप्प झाले. मॅडम फोटोकडे बघत उभ्या होत्या. विचारलं की उत्तर येईपर्यंत थांबायचं असतं, म्हणून त्या थांबल्या. मागे रांग खोळंबली होती, पण पुढे व्हा असं त्यांना कोणी म्हणालं नाही.